उद्योगचरित्रांतील कार्यकारणभाव

मराठीत आज सर्वांत अधिक खपणाऱ्या पुस्तकांमध्ये उद्योजकांची चरित्रे आणि आत्मकथने यांचा भरणा मोठा आहे. कथा-कादंबरीला ज्या घरात प्रवेश नाही तेथेही ही पुस्तके पोहोचतात. वाढदिवसाला भेट म्हणून दिली जातात, शाळेत बक्षीस म्हणून वाटली जातात. दिवाळी अंकांतूनही 'शून्यातून विश्व' या थाटाचा एखादा लेख असतोच. इतके असूनही या वाङ्मयाकडे आपल्या समीक्षेने फारसे वळून पाहिलेले नाही. ते वाङ्मयच नव्हे अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. मला ती मान्य नाही. जे लेखन माणसाच्या कृतीची कारणे सांगू पाहते ते वाङ्मय होय, आणि कारणे सांगण्याचा आव ज्याने आणला त्याच्याकडे ती खरी आहेत काय, हे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे.

या चरित्रांचा साचा आता पाठ झाला आहे. पहिल्या प्रकरणात गरिबी अगर अपमान, दुसऱ्यात एक क्षण, ज्या क्षणी नायक 'काहीतरी करून दाखवीन' अशी शपथ घेतो, तिसऱ्यात हेटाळणी करणारे शेजारी, चौथ्यात संकट, आणि तेथून पुढे यशाची चढण. हे सारे कशाने घडले? उत्तर एकच: जिद्दीने. शंतनुराव किर्लोस्करांचे इंग्रजी आत्मचरित्र 1982 साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'कॅक्टस अँड रोझेस'. निवडुंगाच्या माळावर गुलाब फुलले, ही प्रतिमा त्या घराण्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरी आहे. परंतु पुढे आलेल्या कितीतरी लेखकांनी प्रतिमाच तेवढी उचलली. माळ कोणी दिला, पाणी कोठून आले, हे विचारण्याचे त्यांना सुचले नाही.

कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. जे कारण सर्व पात्रांना सारखेच लागू पडते, ते कोणत्याही एका पात्राच्या नशिबाचे कारण होऊ शकत नाही. जिद्दीचे असेच आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीतील कौतिक आठवावी. शिंप्याच्या घरातील ही बाई संसार उभा करण्यासाठी जे कष्ट उपसते, जो निश्चय दाखविते, तो कोणत्याही उद्योगपतीच्या निश्चयाहून तसूभरही कमी नाही. तरीही तिचा संसार उभा राहत नाही. दारिद्र्य आणि आजार तिच्या हातातले सारे ओढून नेतात. म्हणजे जिद्द पुरेशी नसते, हा सिद्धान्त मराठी कादंबरीने साठ वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवला आहे. आपली उद्योगचरित्रे मात्र तो न वाचल्याप्रमाणे लिहिली जात आहेत.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. गरीब देशात माणूस धंदा का काढतो? आणि काढलेला धंदा कशाने टिकतो? चरित्रकार या दोहोंना एकच उत्तर देतात, आणि तेथेच त्यांचा कार्यकारणभाव कोलमडतो.

पहिला प्रश्न आधी घेऊ. धंदा काढणाऱ्यांत निदान दोन जाती आहेत. एकाला नोकरी मिळत नाही, शेत पुरत नाही, म्हणून तो हातगाडी लावतो. दुसऱ्याला पोटापुरते मिळत असते. परंतु त्याला एखादी वस्तू, एखादी गरज, एखादी फट दिसते आणि ती त्याला स्वस्थ बसू देत नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात गरिबांच्या धंद्यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि त्यात अशा माणसांना नाइलाजाने झालेले उद्योजक म्हटले आहे. या दोघांना पुढे 2019 साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की, गरीब माणूस जन्मतःच उद्योजक असतो ही कल्पना गोड असली तरी खरी नाही. बहुतेकांचे धंदे अतिशय लहान असतात, एकसारखे असतात, त्यांतून फार काही सुटत नाही, आणि त्यांच्या मालकांना विचारावे तर आपल्या मुलाला सरकारी नोकरी लागावी हीच त्यांची इच्छा असते. आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर उभे राहून हे पडताळून पाहता येईल. एकाच रांगेत वडापावच्या सहा गाड्या असतात. सहाही जण पहाटे चारला उठतात. त्यांच्यांतील जिद्द मोजायला निघालो तर तराजू सारखाच राहील.

दुसऱ्या जातीचे उदाहरण म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांइतके चांगले नाव मराठीत नाही. आणि त्यांचे चरित्र नीट वाचले तर साचा तेथेच मोडतो. 1869 साली जन्मलेला हा तरुण चित्रकार व्हावयाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. रंग ओळखण्यात दोष आहे असे आढळल्यामुळे चित्रकला सुटली. यंत्रांची रेखाटने करण्यास रंग लागत नाहीत, म्हणून तो तिकडे वळला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकवू लागला. तेथे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्याने नोकरी सोडली, आणि बंधू रामुअण्णा यांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. येथे उपासमार नाही आणि शपथही नाही. एक बंद झालेले दार आहे, आणि त्याबरोबरच यंत्रशाळेत मिळालेले ज्ञान आहे. दार अनेकांचे बंद होते. ज्याच्या हाती दुसऱ्या दाराची किल्ली असते तो बाहेर पडतो. बाकीचे अर्ज लिहीत राहतात. वसाहतीच्या राज्यात हुशार माणसाची वाट एका उंचीवर अडविली जात होती. ती अडवणूक नसती, तर कदाचित लक्ष्मणराव निवृत्तिवेतन घेऊन सुखाने वारले असते.

आता दुसरा प्रश्न. धंदा टिकला कशाने? किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. चरित्रकार या ठिकाणी शेतकऱ्याच्या अज्ञानावर एक परिच्छेद खर्च करतात. परंतु शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. त्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून. नांगर वाईट निघाला तर कारखानदाराचा एक नांगर बुडतो, शेतकऱ्याचे वर्ष बुडते. अशा माणसाने दुसऱ्याच्या शेतात काय होते ते आधी पाहावे, यात अज्ञान कसले? तो शहाणपणाच होता. नव्या वस्तूला पहिला ग्राहक मिळणे हीच गरीब देशातली सर्वांत अवघड गोष्ट असते. कारण तेथे चूक करण्याइतकी शिल्लक कोणापाशी नसते.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावली. कारखाना उचलून न्यायचा कोठे? या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, कर्ज दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसे त्या निवडुंगात राहावयास आली. मला येथे थांबून विचारावेसे वाटते: बाळासाहेब नसते तर? ज्या प्रांतात हजारो लोक जिद्दी होते त्या प्रांतात जमीन, कर्ज आणि विश्वास एकाच वेळी देऊ शकणारे संस्थानिक किती होते? चरित्राच्या व्याकरणात बाळासाहेब हे 'साहाय्यक पात्र' ठरतात. कार्यकारणभावाच्या व्याकरणात ते कर्त्याच्या शेजारी बसतात.

असेच दुसरे विसरलेले कारण म्हणजे शिकलेले हात. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना आठवतो काय? अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून घरोघर एकेक पैसा जमवून उभा राहिलेला, टिळकांनी ज्याला पाठिंबा दिला, तो हा कारखाना 1908 साली सुरू झाला. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. नफ्याचा हिशोब मांडला तर ही यशोगाथा नव्हे, म्हणून तिच्यावर कोणी खपाऊ पुस्तक लिहीत नाही. पण तेथे काच फुंकावयास शिकलेली माणसे देशभरच्या कारखान्यांत गेली. धंदा म्हणून जे मोठे झाले नाही ते विद्यालय म्हणून मोठे झाले.

हा योगायोग नव्हे, हे दाखविण्यास बांगलादेशाचे उदाहरण पुरेसे आहे. 1979 साली 'देश गार्मेंट्स' या नव्या कंपनीने 130 माणसे दक्षिण कोरियातील देऊ कंपनीच्या पुसान येथील कारखान्यात शिवणकाम, यंत्रे आणि व्यवस्था शिकण्यासाठी पाठविली. कंपनीचे प्रमुख नूरुल कादिर हे पूर्वीचे सरकारी अधिकारी. परत आलेल्या त्या 130 पैकी शंभराहून अधिक जण पुढल्या काही वर्षांत कंपनी सोडून गेले; कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने ही गळतीच झाली. देशाच्या दृष्टीने पाहिले तर त्या गळतीतून जगातल्या सर्वांत मोठ्या तयार कपड्यांच्या निर्यातदारांपैकी एक उभा राहिला. त्याच्या जोडीला सरकारचे दोन साधे नियम होते: निर्यातीसाठी आणलेल्या कापडावरील जकात आधी भरावी लागू नये म्हणून ते ताब्यातील गोदामात ठेवता येई, आणि परदेशी मागणीच्या पतपत्राच्या आधारावर कापड उधार मागविता येई. म्हणजे ज्याच्या गाठीला भांडवल नाही, पण ज्याला काम येते आणि ज्याच्या हाती मागणी आहे, त्याला कारखाना काढता आला. या कथेचा नायक कोण? 130 जण? कादिर? पुसानचा कोणी अनामिक मुकादम? की गोदामाचा नियम लिहिणारा कारकून? आपल्या चरित्रवाङ्मयाला या प्रश्नाची सवय नाही, कारण त्याला पुतळ्यासाठी एकच चौथरा बांधता येतो.

भांडवलाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणजे 'पैशावाचून काही अडत नाही'. दुसरी म्हणजे 'कर्ज मिळाले की झाले'. पहिली श्रीमंतांची आणि दुसरी सरकारी पत्रकांची. हैदराबादेत 104 वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत आधी लघुकर्ज देऊन आणि निम्म्यांत न देऊन एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. कर्ज मिळाल्याने काही नवे धंदे निघाले, ज्यांचा धंदा आधीच होता त्यांनी तो थोडा वाढविला. परंतु सरसकट कुटुंबांच्या खर्चात अगर राहणीत मोठा पालट झाला नाही. कर्ज म्हणजे पाणी. बी आणि जमीन असेल तेथे ते पीक काढते, नसेल तेथे वाहून जाते.

याच्या उलट मुंबईच्या गिरगावातील एका गच्चीवरची गोष्ट पाहावी. 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती गृहिणींनी तेथे पापड लाटले. भांडवल 80 रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. तोच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' झाला, आणि सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. ऐंशी रुपये ही गोष्ट सगळे सांगतात, कारण ती नाट्यमय आहे. मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. पापड लाटणे या बायकांना आधीच येत होते. त्यासाठी पुसानला जावे लागले नाही. माल विकण्यासाठी व्यापाऱ्यांची ओळख असलेला माणूस पाठीशी होता. पुढे पीठ मळून वाटायचे आणि बायकांनी ते घरी नेऊन लाटायचे अशी रीत बसली. त्यामुळे घर सोडू न शकणारी बाईही तिच्यात सामावली. आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण, हा नियम. ऐंशी रुपयांची कथा इतरांना अनुकरण करता येत नाही. पीठ वाटण्याची रीत मात्र कोणालाही उचलता येते. मग चरित्रकाराने कशावर अधिक शाई खर्च करावी?

उलट बाजूने, धंदा मारते काय? पेरूमध्ये हर्नांडो डी सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली लिमा शहरात एक लहान शिवणकारखाना सर्व नियम पाळून नोंदवून पाहिला. त्या नोंदणीला 289 दिवस लागले. गरीब माणूस कायद्याबाहेर का राहतो याचे उत्तर त्या एका आकड्यात आहे. आपल्याकडे नोंदणी आता बरीच सोपी झाली असेल. पण विकलेल्या मालाचे पैसे मिळणे सोपे झालेले नाही. माझा एक विद्यार्थी, हाताने सोन्यासारखा, आय. टी. आय. झाल्यावर त्याने वेल्डिंगचे दुकान काढले. एका मोठ्या कारखान्याचे काम त्याला मिळाले; पेढे वाटले गेले. माल गेला आणि पैसे आठ महिने आले नाहीत. लहान उद्योगाचे बिल 45 दिवसांत चुकते करावे असे 2006 चा कायदा सांगतो, हे त्याला ठाऊक होते. परंतु तक्रार केली तर पुढचे काम जाईल हेही ठाऊक होते. त्याने यंत्रे विकली आणि दुसऱ्याच्या दुकानात रोजाने लागला. त्याच्याकडे पाहून गाव काय म्हणाले? 'आपल्या पोरांत धंद्याचे रक्तच नाही.' त्याचे स्वतःचेही तेच मत झाले आहे.

या वाङ्मयाविषयीची माझी तक्रार केवळ कलेची नाही, ती यासाठी. जे यशाचे सारे श्रेय स्वभावाला देते, ते अपयशाचा सारा दोषही स्वभावावरच टाकते. तशी त्याची इच्छा नसली तरी हिशोब तसाच होतो. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे वाक्य त्याच हिशोबाची बाकी आहे. व्यापारी जातींच्या मुलाला जे मिळते ते पाहा: काकाच्या पेढीवर दोन वर्षे उमेदवारी, नातलगाच्या शब्दावर उधार माल, एकदा बुडाला तर पुन्हा उभे करणारा मामा. या तीन गोष्टींना आपण 'रक्त' हे नाव दिले आहे. ज्यांच्याकडे असा मामा नव्हता त्यांनी महाराष्ट्रात तो तयारही केला आहे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग जमवून 1950 साली सहकारी साखर कारखाना चालू केला. एकेकट्याची पत नव्हती. हजारोंची एकत्र केल्यावर ती झाली. सहकाराचे पुढे जे झाले ते झाले. पण पत ही रक्तात नसून रचनेत असते, हे त्याने दाखवून दिले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सर्व श्रेय परिस्थितीला दिले तर माणसाचे कर्तृत्व उरते कोठे? आणि तरुणाला प्रेरणा कोठून मिळणार? मला वाटते, परिस्थिती नीट मांडल्यावरच कर्तृत्व दिसू लागते. नांगर खपत नसताना लक्ष्मणरावांनी तो सुधारीत राहणे, पहिल्या महायुद्धात लोखंड-कोळशाची टंचाई पडली असता कारखाना चालू ठेवणे, हे त्यांचेच. ते बाळासाहेबांना देता येत नाही. कोणती गोष्ट मिळाली आणि कोणती मिळविली ही रेषा जो लेखक स्पष्ट काढतो, त्याचाच नायक खरा मोठा दिसतो. विठ्ठल कामत यांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' पुष्कळांनी वाचले आहे. वडिलांचा हॉटेलचा धंदा होता, हे त्यात लपविलेले नाही. विसरतो तो वाचक, कारण साच्याने त्याला तसे वाचावयास शिकविले आहे. प्रेरणेचे म्हणाल तर, वर्गात मुलांना 'जिद्द धरा' एवढेच सांगणे म्हणजे पोहावयास निघालेल्याला 'बुडू नका' म्हणण्यासारखे आहे. त्याला पाणी किती खोल आहे, काठ कोठे आहे आणि हाक मारली तर कोण येईल, हे सांगावे लागते.

गंमत अशी की, हे ज्यांना सर्वांत आधी समजले ते कारखानदारच होते. 1920 साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले ते ग्राहकांना कारखान्याची माहिती देण्यासाठी, त्यातूनच शं. वा. किर्लोस्करांनी मराठीतील एक मोठे मासिक घडविले. नांगर विकावयाचा तर आधी वाचक घडवावा लागतो, हे त्या माळावरच्या माणसांनी ओळखले होते. आज वाचक घडलेला आहे, पुस्तके खपत आहेत. आता त्या पुस्तकांनी उसनवारीची वही उघडावी: कोणी जागा दिली, कोणी शिकविले, पहिला माल कोणी घेतला, बिल किती दिवसांनी मिळाले, आणि पहिल्यांदा बुडालो तेव्हा घर कोणाच्या पगारावर चालले. असे एक जरी उद्योगचरित्र मराठीत आले, तरी यंत्रे विकून बसलेल्या मुलाला ते वाचताना खाली मान घालावी लागणार नाही.